अर्धी वाट

आफुआ बिरागोकडून चूक क्वचितच व्हायची, आणि झालीच तर ती कबूल करायची तिला सवय नव्हती. मम्पाँगच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पण या वेळची चूक गावातलं शेंबडं पोरही करणार नाही अशी होती. तिने वाट मागायच्या आधीच तिकीट काढलं.

एका रात्रीसाठी जवळच्या कुमासी शहरात जायचं असलं तरी घरच्या वडीलधाऱ्यापुढे बसावं, वाट मागावी, त्यांनी ती द्यावी आणि मगच पिशवी भरावी, हा क्रम. ट्रेनिंग कॉलेजला जाताना बिरागोने तशीच वाट मागितली होती, नवऱ्याच्या गावी नांदायला जातानाही. या खेपेला मात्र कुमासीच्या तिकीटवाल्या पोरीने सांगितलं, संध्याकाळपासून भाडं वाढतंय, आणि बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली. पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरी, तीन आठवड्यांनी निघायचं. ही बातमी मामा बेदियाकोंना बिरागोकडून नव्हे, तर बाजारातून कळली.

"मी फक्त एकीलाच सांगितलं गं," तिची धाकटी बहीण फोरिवा म्हणाली. फोरिवा बाजारात टोमॅटो विकायची.

"कोणाला?"

"टोमॅटोवाल्यांच्या पुढारणीला."

"म्हणजे रेडिओलाच सांगितलंस की!"

तशी बिरागोला अडवणारं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पेन्शन तिची स्वतःची. पण मामा हे तिच्या आईचे सख्खे भाऊ, सगळ्या कुळाचे प्रमुख. त्यांनी तिचं नाव घेऊन पूर्वजांसाठी जमिनीवर दारूची धार धरल्याशिवाय उंबरा ओलांडणं तिच्याच्याने होणार नव्हतं. मामा नाही म्हणाले तर तिकीट परत करायचं, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

रविवारी सकाळी ती श्नॅप्स दारूची बाटली घेऊन मामांच्या अंगणात गेली. तिथे बसलेल्या प्रत्येकाशी उजवीकडून सुरुवात करून हात मिळवला. तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. ती ते प्यायली. मामांना अजून मुंगीच्या पावलांचीही चाहूल लागते, पण प्रमुखाशी थेट बोलायचं नसतं. बोलणं इकडून तिकडे पोचवणारा मध्ये उभा असतो. तो होता सारपाँग, तिच्या चुलत बहिणीचा मुलगा, तीन मिनीबसचा मालक आणि एके काळचा तिचा विद्यार्थी. नात्याने ती त्याची मावशी, पण त्याच्या तोंडून 'मॅडम'खेरीज काही निघायचं नाही.

"इथे सगळं क्षेम आहे," सारपाँग रीतीप्रमाणे म्हणाला. "वाट चालून तुम्ही आलात. बोला."

"वाईट काही नाही," बिरागोनेही रीतीप्रमाणे सुरुवात केली आणि मग सगळा मार्ग सांगितला. पश्चिमेला तोंड करून निघायचं. समुद्र ओलांडून ब्राझील, मग डोंगरांच्या डोक्यावरचं टिटिकाका सरोवर, मग पॅसिफिकमधली बेटं, जपान, बैकल सरोवर, दख्खनची काळी माती, आणि पूर्वेकडून घरी.

"मामा विचारतायत, काम काय?"

"काम काही नाही. बघायचंय."

फोरिवाला उगाच खोकला आला.

"मामा विचारतायत, तिकडे कोणी वारलंय का?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

"दुखणं? औषधपाणी?"

"मी ठणठणीत आहे."

"मामा विचारतायत..." सारपाँग अडखळला. "एखादा पुरुष?"

"पुरुषासाठी पृथ्वीला फेरी कशाला मारायची? डोक्याला ताप द्यायला तो घरबसल्या येतो."

बायका खदखदून हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी काठी आपटली आणि सारपाँगची वाट न बघता स्वतःच बोलले, "बिनकामाची फिरते ती शेळी. तिकीट काढताना विचारलं नाहीस, आता विचारतेस. पुढच्या रविवारी काम घेऊन ये. काम असेल तर वाट देईन."

काम फोरिवाने दोन दिवसांत शोधून आणलं. फोरिवा नुसतं शोधून थांबणारी नव्हतीच, तिने ते घरोघरी वाटलंसुद्धा. कुळातली अर्धी तरुण पोरं परदेशात: कोणी हॅम्बुर्गला, कोणी मिलानला, कोणी टोरांटोला, दोघं न्यूयॉर्कला. सगळ्यांचे फोन येतात, सगळे मजेत आहोत म्हणतात, आणि एकाही आईचा त्यावर विश्वास नाही. बिरागो जाईल, प्रत्येकाचं घर बघेल, चुलीवर काय शिजतंय ते बघेल आणि येऊन खरं काय ते सांगेल. मामांनी लगेच निरोप धाडला: याला म्हणतात काम.

बुधवारपर्यंत बिरागोच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शितो या मिरचीच्या चटणीच्या अकरा बरण्या, धुरावलेल्या मासळीचे पुडके, पाम तेल, आणि कोणा शहाण्याने आणून टाकलेला मांडीएवढा यामचा कंद.

"हा विमानात?" बिरागोने विचारलं.

"ताई, मांडीवर घे. बाळ आहे म्हणावं."

भिंतीवर जगाचा जुना शाळेतला नकाशा होता, त्यावर टाचण्या टोचून लाल दोरा ताणलेला. निवृत्तीनंतरचं एक अख्खं वर्ष त्या दोऱ्यात गेलं होतं. बिरागोने टाचण्या उपटल्या आणि करून तर बघू म्हणून दोरा हॅम्बुर्ग, मिलान, टोरांटो, न्यूयॉर्कवरून नेला. तो दोनदा समुद्र ओलांडून मागे वळला. टिटिकाका सुटलं, बैकल सुटलं, अख्खा पॅसिफिक सुटला. उरली ती नातेवाइकांची हजेरी. हजेरी तिने चौतीस वर्षं घेतली होती. तिचे डोळे भरून आले, आणि फोरिवासमोर ते भरून आले याचा तिला संताप आला.

"अगं, हो म्हणून मोकळी हो ना," फोरिवा म्हणाली. "तिकडे गेल्यावर हवं ते कर. मामा काय दुर्बीण लावून बसणार आहेत?"

"त्यांच्या हातचं पाणी पिऊन खोटं बोलू?"

फोरिवा याम उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली, निदान तो तरी उकडता येणार होता.

संध्याकाळच्या आत सारपाँग आला, हॅम्बुर्गमधल्या आपल्या मुलासाठी सदरे घेऊन. नकाशापुढे उभा राहिला, आणि पॅसिफिकच्या मधोमध वरून खाली उतरणाऱ्या तुटक रेषेवर त्याने बोट ठेवलं.

"मॅडम, ही तीच ना? ओलांडली की वार बदलतो?"

"तीच."

"तुम्हाला आठवत नसेल," तो हसत म्हणाला आणि सदरे ठेवून गेला.

तिला लख्ख आठवत होतं. सकाळी उठून तिने लाल दोरा पुन्हा पहिल्या जागी ताणला. अकराच्या अकरा बरण्या आणि बाकीच्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत केल्या. "पोरांची खुशाली हवी तर पोरांना घरी बोलवा, मला कशाला पिटाळता?" असं चार बायकांना तोंडावर सुनावूनही आली. फोरिवाने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या रविवारी अंगण भरलं होतं. पाणी झालं, रीत झाली. सारपाँग मामांच्या उजव्या हाताला उभा राहिला.

"मामा विचारतायत, काम काय?"

"काम आहे," बिरागो म्हणाली. तिचा आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "चौतीस वर्षं मी या गावच्या पोरांना पृथ्वी गोल आहे म्हणून सांगितलं. इथे बसलेल्या निम्म्यांना मीच सांगितलंय. मामा, ते सगळं ऐकीव होतं. मी पुस्तकातून ऐकलं, त्यांनी माझ्याकडून. ऐकीव गोष्ट साक्ष म्हणून या अंगणात कधी चालली आहे का?"

मामांनी मान हलवली. चालत नाही.

"आणि एकदा एका पोराने विचारलं. म्हणाला, मॅडम, त्या रेषेच्या अलीकडे गुरुवार आणि पलीकडे शुक्रवार, तर बरोब्बर रेषेवर मूल जन्मलं तर त्याचं नाव गुरुवारचं याव ठेवायचं की शुक्रवारचं कोफी? मला उत्तर येत नव्हतं. येत नाही, एवढं म्हणायचं होतं. मी त्याला आगाऊ म्हटलं आणि घंटा होईपर्यंत बाकावर उभं केलं. वर्ग हसला. त्यानंतर त्या पोराने माझ्या तासाला हात वर केला नाही." ती थांबली. "मी चुकले. हे मला इथे, सगळ्यांसमोर सांगायचं होतं. एकदाही मागे न वळता मी पश्चिमेला जाईन आणि पूर्वेकडून येईन. आले तर पृथ्वी गोल. त्या बेटांवर उतरून मुलाचं नाव विचारेन, आणि याच स्टुलावर बसून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगेन. हे काम आहे."

हे शब्द पुढे पोचवायचं काम सारपाँगचं. पण तो खाली मातीकडे बघत राहिला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग बिरागोकडे, आणि तो पोर कोण ते त्यांच्या लक्षात आलं.

"याव की कोफी," मामा पुटपुटले. वार चुकलेलं नाव म्हणजे साधी गोष्ट नव्हे. माणसाचा प्राणच त्या वाराचा असतो. म्हातारा बराच वेळ दाढी खाजवत बसला. "पुरुषांना विचारू नकोस. सुईण गाठ. तिला माहीत असेल."

"सुईणच गाठते."

"आणि तिकीट आधी काढलंस त्याचं?"

"तिथेही चुकले, मामा."

"एका सकाळी दोन," फोरिवा मागून म्हणाली. "आभाळ कोसळणार आज."

मामा काठी टेकून उठले, बाटली उघडली आणि मातीवर धार धरली. गेलेल्यांना एकेक करून हाक मारली, बिरागोच्या आईलाही. मग रीतीचे शब्द म्हणाले, जे कुमासीला जाणाऱ्याला म्हणतात तेच: "बिरागो, तुला अर्धी वाट दिली. उरलेली अर्धी इथेच ठेवतो. ती घ्यायला परत ये."

आता सारपाँगने हे तिला पोचवायचं होतं. तो ताठ उभा राहिला, घसा साफ केला आणि रीत सोडून त्याने हळूच उजवा हात वर केला.

"मॅडम, गोल वाटेवर अर्धं संपलं की पुढचं प्रत्येक पाऊल घराकडेच पडतं ना?"

बिरागोने त्या वर केलेल्या हाताकडे बघितलं.

"बरोबर," ती म्हणाली. "बस खाली, सारपाँग."