सबंध नारळ

आमच्या साखर कारखान्यात नारळाच्या दोन तऱ्हा. हंगामाच्या तोंडाला बॉयलरपुढं जो आगवाला नारळ फोडंल, त्या हंगामाची आग त्याची. आन् शाल घालून सबंध नारळ हातात ठेवला, की समजायचं, आता बिऱ्हाड उचला. टाळ्या मातर दोन्ही वक्ताला सारख्याच!

आमचे मालक, नाव घ्यायचं तर सहादेव, बॉयलरवर आगवाले. मागल्या हंगामात वाफेचा पाइप फुटला आन् त्यांच्या हाताखालचा कामगार कानिफनाथ आत अडकला. मालकांनी कुनाला न इचारता भट्टीतली आग भाईर काढून टाकली. कानिफनाथ भाजला, पन जगला. कारखाना बंद पडला, ऊस वाळला, साहेब लोकांच्या डोक्यात राग बसला.

एकाहत्तर सालचा दसरा. बॉयलरपुढं मांडव घातल्याला. चेअरमन आप्पासाहेब उठले. "सहादेवनं मानूस वाचवला, कारखान्याला अभिमान हाय..." कौतुक लांबतच चाललं. शाल आली. नारळ आला, सबंध. नव्या आगवाल्याचा नारळ शेजारच्या ताटात तयारच हुता. लोक टाळ्या वाजवीत हुते आन् आमचे मालक मान खाली घालून उभे.

असा संताप आला म्हनता! कारखान्यानं दिल्याली खोली जायची, लेकरांची शाळा सुटायची, आन् वर हसून शाल पांघरायची? मी सरळ पुढं गेले.

"अवो, फोडा तो नारळ!"

"लंके, गप बस," मालक म्हनले.

"फोडा म्हन्ते ना!"

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आन् बॉयलरच्या दारापुढच्या दगडावर नारळ हानला. पानी उडालं. इंजिनेरसाहेब ताडकन उठला, "कोणी सांगितलं फोडायला?"

मी खोबऱ्याचा तुकडा आप्पासाहेबांपुढं धरला. "घ्या, परसाद हाय." परसाद नाकारावा तर सनाच्या दिवशी बॉयलरला अपशकुन, घ्यावा तर औंदा बी आमचे मालकच आगवाले ठरले. आप्पासाहेबांनी हात धोतराला पुसले, पन पुढं केले न्हाईत.

तेवढ्यात मागून कानिफनाथ आला. गालावरची कातडी अजून गुलाबी. "वैनी, मला द्या," म्हनला, आन् तिथंच खाल्लं. मग एकेक हात पुढं यायला लागला. सगळ्यात शेवटी आप्पासाहेबांचा.

त्यांनी लई येळ तुकडा चावला. मग म्हनले, "सहादेव, पेटव."

मालकांनी शाल काढून माझ्या अंगावर टाकली. आगीपाशी शाल कशाला लागती?