स्टॉकफिश साहेब

सत्त्याऐंशी साली माजी चिमी बोईसरच्या कारखान्यात टायपिस्ट लागली. तवापासून तिचं एकच पालुपद, "आये, मासळीची टोपली घेऊन माज्या गेटवर येऊ नको हां." का, तर वास मारतो! अगो भवाने, याच वासावर शिकलीस ना? जाम लागलं मला ते. पण पोटची पोर, करता काय!

एकदा सकाळी केस विंचरताना ही पुटपुटत होती, "वेलकम, स्टॉकफिश! वेलकम!" म्हटलं, काय गो? तर म्हणते, "जर्मनीचा साहेब येतो आज," नि पळाली बस पकडायला.

मी काय समजायचं ते समजले. फिश आमाला कळतं, नि स्टॉक तर आमच्या सातपाटीच्या कोळीवाड्यात शेंबडं पोरबी जाणतं. साहेबाला माशाचा स्टॉक पायजे, नि ही गधडी लाजेनं आयला सांगत नाय! घरातले होते नव्हते ते सुके बोंबील टोपलीत भरले नि थेट कारखाना गाठला. रामकिसन वाचमन आडवा आला. म्हटलं, "तुज्या साहेबालाच पायजे, हो बाजूला!"

आत गोरा साहेब हार घालून उभा, बाजूला मॅनेजर नि माजी चिमी. मी टोपली उतरवली. "घ्या साहेब, स्टॉक! फिश!"

मॅनेजर ओरडला, "कोण ही बाई?"

चिमी खाली मान घालून गप्प.

गोऱ्यानं मात्र बोंबील उचलला, हुंगला, नि पोट धरून हसत सुटला. बोंबलाकडे बोट, "स्टॉकफिश!" स्वतःच्या छातीवर हात, "स्टॉकफिश!" मग चिमीला काय काय बोलला नि मला सांग म्हणून खुणावलं.

चिमी हळूच म्हणाली, "हे त्यांचं आडनाव आहे. स्टॉक म्हणजे त्यांच्या भाषेत काठी. स्टॉकफिश म्हणजे मीठ न लावता काठ्यांवर सुकवलेला मासा. त्यांचे वाडवडील तोच विकायचे."

"अगो बाय! म्हणजे आपल्यातलाच हाय की! आमी बांबूवर सुकवतो, हे काठीवर!"

"आणि..." चिमी अडखळली. "बोलायच्या वेळी जो गप्प बसतो ना, त्यालाही तिकडं स्टॉकफिशच म्हणतात."

सगळे हसले. चिमी नाय हसली. इस्त्रीच्या साडीनिशी वाकली, माजी टोपली उचलून कमरेवर घेतली नि मॅनेजरला मोठ्यानं म्हणाली, "सर, ही माजी आय."

आफिसात एवढं शुद्ध बोलणारी पोर, चारचौघांत 'माजी आय' म्हणाली! मला हसूबी आलं नि रडूबी.