सिद्रोचे पाच फाउल

जोव्हानला अडवायला पाच माणसं पुरत नाहीत, हे आम्हाला गेल्या सणालाच कळलं होतं. वरच्या वाडीचा हा साडेसहा फुटी पोरगा मनिलाच्या एका कॉलेजकडून बास्केटबॉल खेळतो आणि दर वर्षी संताच्या सणाला इलोइलोत येऊन आमचं नाक कापून जातो. गेल्या वर्षी त्याने एकट्याने बेचाळीस गुण केले. मी खालच्या वाडीचा कोच. एरवी रिक्षांची पंक्चरं काढतो, पण सणाच्या महिन्यात मला सगळे कोच म्हणतात आणि तेवढ्यावरच मी वर्षभर फुगून असतो.

माझा मेहुणा पिलो म्हणाला, ''तेर्यो, त्याचं एकच दुखणं आहे. फ्री थ्रो. मोकळा नेम दिला की हात लटपटतात त्याचे. बास्केटखाली आला रे आला की फाउल करायचा.''

''आणि पाच फाउल झाले की आपला खेळाडू बाहेर. मग खेळणार कोण, तुझी सासू?''

''म्हणून तर सांगतोय, खेळाडू आणूच नकोस. पाच फाउल आण. हातपाय असलेले.''

मी हसलो. आज लाज वाटते ती त्या हसण्यापासूनची.

असे दोन धटिंगण वाडीतच मिळाले. तिसऱ्यासाठी मी बर्फाच्या कारखान्यात सिद्रोकडे गेलो. सिद्रो म्हणजे दरवाजाएवढा माणूस. खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर बर्फाची लादी, आणि वाटेत कुत्रं आडवं आलं तर हा थांबणार, कुत्रं नाही.

''सिद्रो, संघात येतोस?''

त्याने लादी खाली ठेवली. ''मी? माझ्या हातात चेंडू टिकत नाही, मानोंग.'' आमच्याकडे थोरल्या भावासारख्या माणसाला मानोंग म्हणतात.

''आम्हाला तुझ्यासारखा बचाव करणारा हवाय,'' मी म्हणालो. खोटं बोलताना मला काही झालं नाही. टायरला ठिगळ लावावं तसं लावून मोकळा झालो.

त्याने गोणपाटाला हात पुसले. ''लहानपणी संघ पाडताना मी शेवटी उरायचो. मग म्हणायचे, सिद्रो, तू चपला सांभाळ.'' आणि तो येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सरावाला सगळ्यांच्या आधी तो हजर. आधी मैदान झाडायचा, मग एकटाच चेंडू आपटत बसायचा. चेंडू पायावर आपटून लांब जायचा आणि हा त्याच्यामागे. एकदा त्याने विचारलं, ''मानोंग, नेम धरताना कोपर कुठे ठेवायचं?''

''तुला नेम धरायची वेळ येणार नाही,'' मी म्हणालो. पिलो फिस्सकन हसला. सिद्रोही हसला. त्याला कळलं नाही असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

स्पर्धेच्या आधी सगळे संघ गणवेश घालून गावातून मिरवतात. सिद्रोला सगळ्यात मोठा शर्टही आखूड झाला, पोट उघडं पडत होतं. तरी तो छाती काढून चालत होता. कारखान्यासमोर त्याचे सोबती भोंगा वाजवायला लागले, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, ''तुमच्यामुळे, मानोंग.'' मी पुढे बघून चालत राहिलो.

अंतिम सामना वरच्या वाडीशीच पडला. सिद्रोची बायको लुमिंग तिन्ही पोरं घेऊन गुण-फाउल मोजणाऱ्यांच्या टेबलामागच्याच बाकावर बसली होती. आमची खूण ठरलेली होती. मी ''बर्फ!'' म्हणून ओरडलो की सिद्रोने जोव्हानला आडवं करायचं.

''बर्फ!''

सिद्रोने त्याला आडवं केलं नाही. उडी मारलेल्या जोव्हानला कवेत घेतलं आणि लादी ठेवावी तसं अलगद खाली ठेवलं. अख्खं मैदान हसलं.

''अरे, मिठ्या काय मारतोस?'' पिलो किंचाळला. ''लग्न लावायचंय का?''

पण फाउल झाला होता. टेबलावरच्या माणसाने सिद्रोच्या फाउलांचा आकडा, एक, लिहिलेली पाटी वर केली. जोव्हानचे दोन्ही नेम हुकले. मला पिलोच्या डोक्याचा मुका घ्यावासा वाटला.

दुसरा फाउल, दोनची पाटी. तेव्हा बाकावरून पोरांचा आवाज आला, ''दोन! बाबांचे दोन!'' ती उड्या मारत होती. तिसऱ्याला त्यांनी लुमिंगलाही उठवलं. आजूबाजूचे लोक तोंडावर हात धरून हसत होते. पोरांना वाटत होतं, पाटीवर बापाचे गुण चढताहेत.

मी त्याला तिथेच बसवू शकलो असतो. आम्ही एका गुणाने मागे होतो. मी ओरडलो, ''बर्फ!''

चार. पोरांचे घसे बसले. मिनिटभर उरलं होतं, एव्हाना आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि जोव्हान पुन्हा आत घुसला. या वेळी मला ओरडावंही लागलं नाही. पाचची पाटी वर गेली आणि ती तिघं अशी नाचली, जणू सामना त्यांनीच जिंकला. पंचाने सिद्रोला बाहेरची वाट दाखवली. जाताना त्याने पोरांकडे बघून पाचही बोटं वर केली.

जोव्हानचे तेही नेम हुकले. आम्ही एका गुणाने जिंकलो. सात वर्षांनी बक्षिसाचं भाजलेलं डुक्कर खालच्या वाडीत आलं. मला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि मला खाली उतरायचं होतं.

सिद्रो बाकामागे उभा राहून शर्टाची घडी करत होता. धाकटीने माझा हात ओढला. ''कोच, बाबांचे पाच. सगळ्यांत जास्त ना?''

''हो,'' मी म्हणालो. ''सगळ्यांत जास्त.''

पोरं डुकराकडे पळाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सिद्रोच आधी म्हणाला, ''मीच सांगितलं होतं त्यांना, ते गुण असतात म्हणून. तुम्ही काही बोलू नका.''

''सिद्रो, तुला...''

''वीस वर्षं बाहेरून खेळ बघतोय, मानोंग. कशाला बोलावलंत ते त्याच दिवशी कळलं मला.''

''मग आलास कशाला?''

''बोलावलंत ना.''

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. त्याने शर्टाची घडी माझ्या हातात ठेवली.

''पुढच्या सणाला जोव्हान येणार असला तर सांगा,'' तो म्हणाला आणि पोरांच्या मागे गेला.

'ठेव तो शर्ट तुझ्याकडे' एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.