कोरड्या मनगटाची निष्ठा

दवाखान्यासमोरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनबाबा एकेकाचं मनगट धरत, त्यावर मंत्रवलेलं पाणी चोळत आणि रेशमी पट्टी बांधत. लगेच बोटांत झिणझिण्या! "आली, शक्ती आली!" गर्दी ओरडे. एका म्हाताऱ्याला मात्र पाणी न चोळताच पट्टी बांधली. त्याला काहीच जाणवलं नाही, तेव्हा बाबा चारचौघांत म्हणाले, "निष्ठाच कोरडी तुझी. सेवा कर, मग ये." ही पट्टी असली की ऑपरेशननंतर उलटी होत नाही म्हणे. मात्र उलटीचं औषध घेतलं की शक्ती रुसते!

माझ्या धाकट्या जावेने ती बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचं पित्ताशय काढायचं होतं. मागच्या ऑपरेशननंतर ओकून ओकून तिचे टाके उसवले होते, तरी वॉर्डात ती भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणाली, "उलटीचं इंजेक्शन नको म्हणजे नको."

"आणि टाके पुन्हा उसवले तर?"

"बाबा बघतील."

"बघतील हो. शिवायला मात्र आम्हीच!"

जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही जपाशिवाय पाणी पीत नाही. तुम्ही तरी सांगा."

"सांगते. पट्टी सोड."

पट्टी सोडली, तर मनगटावर पांढरे कण. बाईंनी बोटावर घेऊन चाखून पाहिले. "मीठ!" मग कात्रीने रेशीम उसवलं. आत बॅटरीचं चपटं यंत्र, खाली धातूच्या दोन टिकल्या. बाईंनी ते माझ्या कोरड्या मनगटावर बांधलं. काही नाही.

"अरेरे, तुमचीही निष्ठा कोरडी!"

मिठाचं पाणी लावताच मधल्या बोटापर्यंत झिणझिण्या. मग बाईंनी स्वतःला बांधलं. "मी तर देवच मानत नाही. मलाही आली शक्ती! खाऱ्या पाण्यातून वीज नीट जाते. कोणाचं मनगट ओलं करायचं, ते तो लबाड ठरवतो."

"म्हणजे यंत्रही खोटं?" जावेचा आवाज बारीक झाला.

"यंत्र खरं आहे. आम्हीही वापरतो. मनगटातल्या नसेला चेतवलं की काहींची मळमळ कमी होते. पण तुमच्यासारख्यांना ते औषधाच्या जोडीला द्यायचं, औषधाऐवजी नाही."

जावेने उसवलेलं रेशीम बाजूला सारलं आणि म्हणाली, "द्या इंजेक्शन."

ऑपरेशननंतर तिला थोडं मळमळलं, उलटी झाली नाही. टाके शाबूत राहिले.

बायांनो, भक्ती करा, मीही करते. पण कोणी देवाच्या नावाने औषध सोडायला सांगितलं, तर आधी पट्टी उसवून बघा. देव त्याने रागावत नाही. रागावेल तो बाबा, आणि त्याला खुशाल रागावू द्या.