चहासाठी आलेला सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना गॅसचा सिलिंडर आहे. माझ्या निळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि पोटाला पोचे पडले आहेत. त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आमच्या मोरोक्कोत तेल आणि गॅस नावापुरतेच. माझ्या पोटातला गॅस परक्या देशांतून जहाजाने येतो. गरिबाची चूल पेटावी म्हणून सरकार पदरमोड करून तो स्वस्तात देते. असा मी ट्रकमधून डोंगर ओलांडून लल्ला इट्टो नावाच्या आजींच्या स्वयंपाकघरात पोचलो. अंगणातल्या विहिरीचे गोड पाणी, पुदिना, साखरेचा मोठा खडा आणि माझी ज्योत! चहा घेतल्याशिवाय त्यांच्या घरून कोणी परत गेला नाही. आजी मला रोज ओल्या फडक्याने पुसत.

मग दिवस पालटले. शहरे वाढली, गावात फ्रीज आले, मोटारसायकली आल्या, बंदरात जहाजांची रांग लागू लागली. परदेशात कलिंगडांना भाव आला. आजींच्या मुलाने, हम्मूने, खजुराच्या बागेशेजारी कलिंगडे लावली. मोडक्या गाडीचे इंजिन पंपाला जोडले आणि डिझेलपेक्षा स्वस्त म्हणून ते माझ्यावर चालवले.

"अरे, चुलीतला गॅस शेताला पाजतोस?" आजी कडाडल्या.

"यम्मा, देश कुठल्या कुठे चाललाय. आपण काय उंटावरच बसून राहायचं?"

"उंट निदान पाणी पिऊन चालतो रे. तू पाणी संपवून चाललास!"

हम्मू हसला. खरे सांगतो, मीही फुशारलो होतो. चुलीवर माझी ज्योत बोटभर. इथे माझ्या जोरावर जमिनीच्या पोटातून पाण्याचा लोट येई, आणि हम्मू माझी पाठ थोपटे. शेजाऱ्यांनीही तेच केले. शेतोशेती माझे भाऊबंद पंपापाशी दिसू लागले. रिकामे झालो की आम्ही डेपोत जाऊन भरून येत होतो, आणि ट्रक भरभरून कलिंगडे गावाबाहेर जात होती. खजुराची झाडे वाळू लागली, तिकडे कोणी पाहिले नाही. मीही नाही.

या उन्हाळ्यात हम्मूच्या मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. मला घाईघाईने शेतातून चुलीपाशी आणले. मी काठोकाठ भरलेला होतो, छान पेटलो. आजींनी विहिरीत बादली सोडली. वर आला तो नुसता चिखल. हम्मू शेजारी धावला आणि रिकामी घागर घेऊन परत आला. तिथल्या विहिरीही कोरड्या पडल्या होत्या.

आजींनी चहाच्या तबकात कलिंगडाच्या फोडी मांडल्या आणि पाहुण्यांपुढे नेऊन ठेवल्या.

"घ्या. आज चहा नाही. आमची विहीरच कापून आणलीय."

कोणाचाही हात पुढे झाला नाही. हम्मूने मान खाली घातली. मी मात्र रिकाम्या किटलीखाली तसाच जळत राहिलो. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी संपलो तर जहाज मला पुन्हा भरून देईल. ती विहीर भरून देणारे जहाज कोणत्याच बंदरात येत नाही. म्हणून मला चहापुरतेच पेटवा, आणि पाणी उकळले की चावी बंद करायला विसरू नका.