झेंडूचा लिलाव

दसऱ्याच्या आदल्या सकाळी गंगापूर रोडवरच्या ऑफिसात प्रतिभाला खुर्चीत बसवत नव्हतं. तिनं लिहिलेल्या ॲपवर झेंडूचा लिलाव सुरू होता. व्यापारी भाव चढवत जायचे. पटला की शेतकऱ्यानं मळ्यात बसूनच ‘दिला’ दाबायचं. पण दाबलेलं बऱ्याचदा उशिरा पोचायचं, तोवर व्यापारी पुढच्या मालाकडे वळलेला. आणि आता थोड्याच वेळात तिच्या आईचा, मालनबाईंचा, माल लिलावाला लागणार होता. आज विकायचा राहिला तर उद्यानंतर त्या फुलांना कोण विचारणार?

“खेड्यातलं नेटवर्क, दुसरं काय!” तिचे वरिष्ठ संतोष सर म्हणाले.

“सर, त्याच नेटवर्कवर आई व्हिडिओ कॉल करते. मागच्या म्हशीसकट स्वच्छ दिसते.”

तिनं कनेक्शनची सेटिंग्ज उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. छोटे निरोप एकेकटे पाठवायचे नाहीत, थोडे साठले की एकदम पाठवायचे. हे तिनंच हौसेनं सुरू केलं होतं. तिच्या घरी टेम्पो भरल्याशिवाय कधी हललाच नव्हता. अर्धी गाडी पाठवणं म्हणजे उधळेपणा. पण ‘दिला’ हा एवढासा एकटा निरोप. तो सोबतीची वाट बघत फोनमध्येच बसून राहायचा.

“हे बंद करते, सर. मात्र सगळ्यांचं कनेक्शन एकदा तोडून परत जोडावं लागेल.”

“चालू लिलावात? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“दोन मालांच्या मधे करते.”

“कर. बिघडलं तर व्यापाऱ्यांच्या शिव्या तू खायच्या.”

पडद्यावरची नावं विझली. मग एकेक करत उजळली. मालनबाईंचा माल लागला, आणि दुसऱ्याच बोलीला ‘दिला’ उमटलं. सरांनी टाळी वाजवली. प्रतिभानं घाईघाईनं फोन लावला.

“आई, एवढ्या कमी भावात का दिलास?”

“मी कुठं दिला? तुझं ॲप लय सुस्त, म्हणून आम्ही आधीच दाबतो. भाव चढेस्तोवर पोचतं. कधी साधतं, कधी हुकतं. साऱ्या बायांना मीच शिकवलंय.”

“अगं, आता लगेच पोचतं! सांग सगळ्यांना, भाव पटल्यावरच दाबा!”

“आता सांगते व्हय? इथं साळूबाईचा माल लागला की! साळूबाई, बोट काढ! काढ म्हणते ना!”

पडद्यावर साळूबाईंचा भाव चढत होता. ‘दिला’ अजून उमटलं नव्हतं. प्रतिभानं तेवढ्यात पुढच्या मळ्याचा नंबर फिरवला.