चेंडूवरचा लाल डाग

चेंडू कुठे पडणार हे व्हर्ना हालवर्सनला बॅटच्या आवाजावरूनच कळायचं. कोरडा ठक्क ऐकू आला की मागे पळायचं, भद्द ऐकू आला की पुढे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये बापाच्या गोठ्यामागे चार भाऊ चेंडू टोलवायचे आणि ते आणायला ही धावायची. कुत्रा होता घरात, पण कुत्र्याला दुसरी कामं होती.

मग पुरुष युद्धावर गेले, मैदानं ओस पडली, आणि वाटाण्याचे डबे भरणाऱ्या कारखान्याचे मालक मिस्टर लिंडग्रेन यांना बायकांच्या बेसबॉलची कल्पना सुचली. पगारी, तिकीट लावून. हे सगळं देशासाठी आहे असं ते सांगायचे. देशाचं नाव पुढे केलं की वाटाणेसुद्धा जास्त खपतात.

निवडीच्या दिवशी व्हर्नाने मैदानाच्या पार टोकावरून चेंडू भिरकावला, तो एकही टप्पा न खाता कॅचरच्या हातात बसला. संघाचा मॅनेजर डच मॅकगार्व्ही एके काळी मोठ्या संघातून खेळलेला, आता दोन्ही गुडघ्यांनी गेलेला. त्याने तोंडातली तंबाखू चक्क गिळली.

"हात झकास आहे," लिंडग्रेन म्हणाले. "पाय दाखव."

पायही पसंत पडले. व्हर्ना 'एल्म फॉल्स डेझीज' संघात आली.

सकाळी शिष्टाचाराचा वर्ग, दुपारी सराव. डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचं, गुडघे जुळवून बसायचं, सूप पिताना आवाज करायचा नाही. वर्ग घ्यायच्या मिसेस प्रुएट. मुलींवर लक्ष ठेवायला नेमलेल्या विधवाबाई. त्या म्हणायच्या, "दिसायचं बायकांसारखं." डच म्हणायचा, "खेळायचं पुरुषांसारखं." बेसवर घसरत पोचताना आखूड स्कर्टखालची मांडी खडीवर सोलून निघायची, तेव्हा मात्र दोघांपैकी कुणी काही म्हणायचं नाही. कातडी ज्याची त्याची.

सगळ्यात कडक नियम लिपस्टिकचा. ओठ रंगवल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही आणि सामना संपेपर्यंत रंग उतरू द्यायचा नाही. बाईंच्या काळ्या वहीत तीन नोंदी झाल्या की घरी. व्हर्नाच्या दोन झाल्या होत्या. पहिली, भर बाजारात पँट घालून फिरली म्हणून. दुसरी, अंपायरला "तुझ्यापेक्षा आमच्या बैलाला जास्त दिसतं" म्हणाली म्हणून. तिसरी झाली की पुन्हा गोठा, दुधाच्या बादल्या. बेसबॉल आयुष्यात एकदाच मिळालं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी ती लिपस्टिक पुसायची. बाहेरच्या मैदानात वारा सुटला की चिकट ओठांवर धूळ बसायची, दात कचकचायचे. बाहीला पुसलं तर डाग दिसणार, म्हणून ती ग्लोव्ह उलटा करून आतल्या अस्तराला ओठ पुसायची. उन्हाळाभरात अस्तर खाटकाच्या फडक्यासारखं झालं होतं.

पिचर डॉट कोवाल्स्की तिला म्हणायची, "अगं, म्हातारीने पकडलं तर?"

"तीनशे फुटांवरून माझे ओठ कोण बघतंय? चेंडू?"

सप्टेंबरात अंतिम सामना झाला. शेवटचा डाव, डेझीज एका धावेने पुढे, समोरच्यांच्या दोघी बाद, दोघी बेसवर. तिसरी बाद झाली की सामना खिशात. डॉटने चेंडू टाकला आणि बॅटवर कोरडा ठक्क वाजला.

व्हर्ना वळली आणि वर न बघता पळत सुटली. अगदी शेवटी मान फिरवली, झेप टाकली आणि तोंडावर आदळली. चेंडू ग्लोव्ह आणि तोंड यांच्यामध्ये अडकला होता.

"टप्पा पडला! जमिनीला लागला!" समोरच्या संघाने कल्ला केला. अंपायर धापा टाकत आला. त्याने चेंडू उचलून फिरवून बघितला. ना माती, ना गवत, फक्त एक लाल ठसा.

"लिपस्टिक!" तो ओरडला. "चेंडू हिच्या तोंडावर थांबलाय. बाद!"

टोप्या उडाल्या, बँड सुरू झाला. सगळे चेंडूकडे बघत होते. जिचं तोंड ग्लोव्हमागे होतं तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ओठ मधोमध फाटला होता आणि एक दात हलत होता.

कपडे बदलायच्या खोलीत लिंडग्रेन फोटोवाल्यांना घेऊनच शिरले. "विजयाचं चुंबन! भिंतीभिंतीवर लावतो बघा! पोरी, पुढचा सगळा हंगाम तुझा. सामन्याआधी फाटकापाशी उभं राहायचं, चेंडूंना ओठ टेकवायचे, ते लोकांना वाटून टाकायचे. बास. प्रुएटबाई, हिला जरा नीट रंगवा."

मिसेस प्रुएटांनी लिपस्टिक काढली, व्हर्नाची हनुवटी उचलली आणि थबकल्या. खाली वाकून हळूच म्हणाल्या, "गप्प बस, पोरी. मी वही उघडणार नाही."

व्हर्नालाही गप्पच बसायचं होतं. पुढचा उन्हाळा समोर उभा होता, हिरवागार. मग कांडी जखमेला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हसा!" फोटोवाला म्हणाला.

"ते रक्त आहे," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"चेंडूवर. लिपस्टिक मी आधीच पुसली होती. रोज पुसते." तिने ग्लोव्ह उलटा करून लिंडग्रेनांच्या हातात दिला. "तोंड फोडून घेतलं तेव्हा झेल मिळाला. ओठ टेकवून नाही."

लिंडग्रेनांनी ग्लोव्ह दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. "रक्ताची जाहिरात होत नाही," ते म्हणाले. "बाई, तुमची वही कुठाय?"

बाईंनी नोंद केली. लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

डच कोपऱ्यात गुडघे चोळत बसला होता. "एवढा ओठ फाटला होता," तो म्हणाला, "तर तोंड उघडलंस कशाला, बये?"

अशी व्हर्नाची कारकीर्द संपली. एकच उन्हाळा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये डॉटचं पत्र आलं. तो चेंडू कारखान्याच्या फाटकापाशी काचेच्या पेटीत ठेवलाय. खाली पितळी पाटी, 'विजयाचं चुंबन'. नाव कुणाचंच नाही. नाताळपर्यंत ठसा तपकिरी पडला, लोक विचारायला लागले. आता ऑफिसातली टायपिस्ट दर महिन्याला त्यावर लिपस्टिक लावते. नियमातल्याच रंगाची.

व्हर्ना इतकी हसली की ओठावरचा टाक्यांचा व्रण ताणला गेला. गोठ्यामागे, युद्धावरून परत आलेले दोघे भाऊ बॅट घेऊन उभे होते. ठक्क वाजला. तिने पत्र खिशात कोंबलं आणि वर न बघता मागे पळाली.

कुत्रा आता म्हातारा झाला होता. तो उन्हात पडूनच बघत राहिला.